बुधवार आणि बाहेरचे दिवस

"पुढची तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नाहीत, नाहीतर जिवावर बेतेल," असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. माझं दुसरं बाळंतपण नुकतंच झालं होतं. रक्त इतकं गेलं होतं की उशीवरून मान उचलायची तर भिंत फिरायला लागायची. मला त्यांना एकच शब्द विचारायचा होता: "कसं?" तो तोंडाबाहेर पडेपर्यंत त्या वॉर्डाच्या दाराशी पोचल्याही होत्या. पुढे कितीतरी महिने मी तो शब्द घेऊन दारोदार हिंडले. आज माझे केस पिकलेत, पण ते दिवस आठवले की अजून माझं डोकं तापतं.

आमचं घर डिचोली तालुक्यात, साखळीहून बसने जवळच. समोरच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर जायचे, आणि अंगणातल्या तुळशीपासून वाळत घातलेल्या लंगोटांपर्यंत सगळ्यावर तांबडी धूळ बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुझ्या रक्तात लोह नाही. लोखंडाच्या खाणीशेजारी राहून आपल्या अंगात लोखंड नाही, याचं मला हसू आलं होतं, आणि हसल्यावर टाके दुखले होते. घरात सासूबाई, लग्नाला आलेली नणंद, माझी थोरली मुलगी, हे नवं बाळ, आणि नवरा. नवरा खाणीवर वजनकाट्यावर कामाला होता.

पहिल्यांदा मी अर्थातच नवऱ्याला विचारलं. ते वर्ष भाषेच्या भांडणाचं होतं. कोकणी की मराठी, यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. आमच्या घरात जे बोललं जायचं त्यावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला असता, पण नवरा पक्का मराठीवाला. संध्याकाळी कामावरून आला की चहा घेऊन सभेला जायचा, मातृभाषेवर बोलायचा, आणि घसा बसवून परत यायचा. तो बसलेला घसा माझ्या प्रश्नाने पूर्णच बंद झाला. त्याने छपराच्या वाशांकडे पाहिलं, कौलं मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाला, आईला विचार. माणूस वाईट नव्हता. पण हजार लोकांसमोर माईक धरणाऱ्या माणसाला बायकोशी या गोष्टीचं एक वाक्य बोलता येत नव्हतं, आणि मला त्या माईकचाच राग यायला लागला. सबंध तालुका कुठल्या भाषेत बोलायचं यावरून तंडत होता, आणि मला जे हवं होतं ते दोन्हींतल्या कुठल्याच भाषेत कुणी सांगत नव्हतं.

सासूबाईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्या की मूल अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत, उगाच कशाला घाबरतेस. मी म्हटलं, मग शेजारच्या वहिनीचं धाकटं पितं असतानाच पुढचं कसं राहिलं? त्यावर त्यांनी सुपातला एक खडा बाजूला काढला आणि विषय संपला.

मग आम्ही जे केलं त्याला उपाय म्हणायचं तर म्हणा. नवऱ्याने आपली चटई उचलून बाहेर सोप्यावर नेली. सगळ्यांना कळलं. काही दिवस त्याने आब राखला, मग कुरकुर करायला लागला. मच्छर चावतात, पाठ धरते. पुढे थंडी पडली आणि तो आत आला. मीही त्याला परत जा म्हटलं नाही, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. मी तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. पण त्यानंतर प्रत्येक महिना मी धास्तीत काढला. बाळाला पाजताना, भाकरी थापताना, विहिरीवर पाणी ओढताना डोक्यात एकच: या महिन्यात येते की नाही.

बाळ बसायला लागलं तेव्हा मी लस टोचायचं निमित्त करून आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरने मान वर न करता विचारलं, मुलगे किती? एक. मुली? एक. मग ऑपरेशन करून टाक, मोकळी हो, पुढच्या शिबिरात नाव घालते. मी म्हटलं, मला मोकळं व्हायचं नाही, मला तीन वर्षं थांबायचंय, पुढचं पुढे बघू. तिने आता मात्र मान वर केली. किराण्याच्या दुकानात येऊन मी रेशमी लुगडं मागितल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. ऑपरेशन पुरुषाचंही होतं आणि ते बाईच्यापेक्षा सोपं असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं, ते म्हटल्यावर तर ती हसलीच. घरी जाऊन घोवाला, म्हणजे नवऱ्याला, विचार म्हणाली.

गोळ्या? तू पाजतेस, आमच्याकडच्या गोळ्यांनी दूध आटतं. पाजणाऱ्या बायांना चालणाऱ्या वेगळ्या असतात म्हणे, पण त्या इथे येत नाहीत. निरोध? तो बघ बाहेर डबा टांगलाय, फुकट आहे, हवे तेवढे ने. तो डबा टांगला होता बरोब्बर बाकड्याच्या डोक्यावर. त्या बाकड्यावर रोज निम्मा गाव खोकत बसलेला. त्या दिवशी आमच्या देवळातल्या भटजींची बायको बसली होती. तिने पाय चोळत माझ्या बाळाची चौकशी केली, आणि ती आत गेली तेव्हा कुठे माझा हात त्या डब्यापर्यंत पोचला. लपवून आणलेलं ते पुडकं पाहून नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, कुणी पाहिलं का? दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: वापरल्यावर टाकायचं कुठे? परसात कोंबड्या उकरतात, कुत्री ओढून अंगणात आणतात, चुलीत घालावं तर चूल सासूबाईंची. हा प्रश्न सरकारला पडला नसावा. नवऱ्याने ते पुडकं डब्याच्या पिशवीत घालून खाणीवर नेलं आणि तिकडेच कुठेतरी टाकून आला.

राहिली तांबी. सिस्टर म्हणाली, ती बसवून घे, बाळाला त्रास नाही, नको तेव्हा काढता येते. तुझ्यासारखीला तीच बरी. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर दर बुधवारी येतात, म्हणाली, आणि पाळी चालू असताना ये, म्हणजे पोटात काही नाही याची खात्री असते आणि बसवायलाही सोपं जातं. मी मान डोलावली, बाळाला काखेत मारलं, आणि खुशीत बस स्टॉपवर येऊन उभी राहिले. बस दिसायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला काय सांगितलं गेलंय.

पाळी चालू असताना आमच्या घरातल्या बाईने दवाखान्यात काय, अंगणातसुद्धा जायचं नसे. चार दिवस मागल्या पडवीत बसायचं. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. नणंद वरून वाढणार, शिवणार नाही. पाजायला बाळाला उघडं करून माझ्याकडे सोडायचं आणि परत घेताना त्याच्यावर पाणी शिंपडायचं. बस स्टॉपचा रस्ता देवळासमोरून जातो, त्यामुळे तो तर बंदच. मला हे पटत होतं की नाही, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. चार दिवस काम नाही, याचं बरंच वाटायचं. म्हणजे ज्या दिवशी मला बाहेर पडता येत होतं त्या दिवशी दवाखान्याला मी नको होते, आणि ज्या दिवशी दवाखान्याला हवी होते त्या दिवशी मला बाहेर पडता येत नव्हतं. त्यात डॉक्टर फक्त बुधवारी. असा पेच कुणी मुद्दाम बसून घातला असता तरी इतका नीट जमला नसता.

पहिल्या महिन्यात पाळी शुक्रवारी आली. न्हाऊन मोकळी होऊन बुधवारी धावत गेले तर सिस्टर म्हणाली, आता काय उपयोग, पुढच्या महिन्यात ये. पुढच्या महिन्यात ती मंगळवारी आली. मी रात्रीच ठरवून ठेवलं की सकाळी बाळाला ताप आहे म्हणायचं आणि निघायचं. सकाळी कळलं, बस नाही. भाषेवरून रस्त्यात झाडं आडवी पाडली होती. कुठल्या बाजूने पाडली ते मला माहीत नाही आणि तेव्हा जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. नवरा तोंड धुऊन, टोपी घालून, उत्साहाने तिकडेच निघाला होता. मी मागल्या पडवीतून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने विचारलं, काय झालं?

तिसऱ्या महिन्यात मी सासूबाईंना सरळ सांगून पाहिलं. आई, मला याच दिवसांत जावं लागेल, असं असं आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग त्या गंभीर झाल्या. तांबी अंगात वर चढते, काळजात जाऊन रुतते, अमक्याच्या सुनेचं असंच झालं, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. त्या अमक्याची सून मला ठाऊक होती. ती ठणठणीत होती आणि वाडीत सगळ्यांशी भांडत होती. पण सासूबाईंच्या डोळ्यांत खरी भीती होती, त्यामुळे मला धड चिडताही येईना. मग मी खोटेपणा केला. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, डोक्यावरून न्हाले, संपली म्हणून सांगितलं, कुंकू लावलं आणि देवळासमोरून मान खाली घालून चालत गेले. नणंदेला कळलं होतं. कपडे धुवायच्या दगडावर तिने पाहिलं होतं, पण तिने तोंड उघडलं नाही. दवाखान्यात पोचले तर डॉक्टर ऑपरेशनच्या शिबिराला गेलेल्या. पुढच्या बुधवारी येतील. सिस्टर म्हणाली, तुझं नशीबच तसं दिसतं. मी त्या बाकड्यावर बसून बाळाला पाजलं आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. देव बाटवला, बस बाटवली, सासूला फसवलं, आणि हाती काय, तर पुढचा बुधवार.

त्याच्या पुढच्या महिन्यात पाळी आलीच नाही.

ते दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता यायचं नाही. बाळंतपणातला तो वॉर्ड, ती फिरणारी भिंत सारखी डोळ्यांसमोर. रात्री मुलीच्या केसांवरून हात फिरवताना मनात यायचं, आपण गेलो तर हिची वेणी कोण घालणार. सासूबाईंनी मात्र आपला अंदाज बांधला होता. त्या अचानक गोड बोलायला लागल्या, माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा पडायला लागला. तो तुकडा पाहिला की मला घाम फुटायचा. शिरगावची लईराईची जत्रा जवळ आली होती, आणि नवरा दरवर्षीचा धोंड. देवीचं व्रत घेऊन पहाटे होमातल्या निखाऱ्यांवरून चालणाऱ्यांना आमच्याकडे धोंड म्हणतात. व्रताच्या दिवसांत शाकाहार, प्रत्येक जेवणाआधी अंघोळ, वेगळी चटई, कुणाला शिवायचं नाही. आमच्या घरात कुटुंबनियोजन असं नेमाने होत होतं ते वर्षातून तेवढंच.

आणि त्या व्रताच्या ऐन मध्यात, एका सकाळी, मला पाळी आली. मी न्हाणीघरात भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. देवीचे इतके आभार मी आयुष्यात कधी मानले नव्हते. बाहेर येऊन नणंदेला सांगितलं, तर घरात एकच हलकल्लोळ. धोंडाच्या घरात बाहेर बसलेली बाई! मागली पडवीसुद्धा चालायची नाही, निदान आमच्या घरात तरी चालत नसे. सासूबाईंनी ताबडतोब ठरवलं: हिला माहेरी पाठवा. माझं माहेर पेडण्यात, मोरजीजवळ. तासाभरात माझं गाठोडं बांधून झालं. नणंद मला वाटेला लावायला आली, आणि तेव्हा मला कळलं की देवळाच्या मागून, काजूंच्या झाडांतून, बस स्टॉपला जाणारी एक पायवाट आहे. बाहेरच्या बाईने जायची. इतके महिने ती तिथेच होती. घरातून घालवायचं म्हटल्यावर ती सगळ्यांना आठवली.

म्हापशाला बस बदलली, शिवोलीला फेरीबोट धरली. बोटीत बाळाला पाजता पाजता माझं डोकं हळूहळू चालायला लागलं. मी घराबाहेर होते, आणि ते दिवस चालू होते. सगळ्यांच्या परवानगीने.

माहेरी आईने बाहेर बसवलं नाही, नुसतं पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण होती, आणि ती तरुण होती, एवढ्यानेच मला धीर आला. तिने माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, बाळंतपणाचं सगळं विचारलं, आणि म्हणाली, रक्त कमी आहे, तांबीने पहिले काही महिने जास्त जाईल, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. चालेल? मी म्हटलं, चालेल. मग तिने विचारलं, नवरा कुठंय?

मी खोटंच ठोकून दिलं, आखातात.

"मग तांबी कित्याक?" बाजूची नर्स म्हणाली.

मग मी खरं ते सगळं सांगितलं. डॉक्टरीण ऐकत होती, मधेच तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. पण नवरा येऊन हो म्हणाल्याशिवाय ती हात लावायला तयार नव्हती. मागे कुणाचा तरी नवरा येऊन टेबलं उलथून गेला होता म्हणे. उद्या मी आहे, म्हणाली, परवापासून रजेवर. माझं अंग, माझं रक्त, माझा जीव, आणि हो म्हणायला माणूस हवा तो डिचोलीहून. मला तिथेच एखादं टेबल उलथावंसं वाटलं.

फोन गावात पोस्टातच होता. खाणीच्या ऑफिसात लावून घेतला. नवऱ्याला काट्यावरून बोलावून आणेपर्यंत माझ्यामागे माणसं जमली. मनीऑर्डरवाले, तिकिटं घेणारे, आणि नुसतेच सावलीला बसलेले. लाइन अशी की हळू बोललेलं काही पलीकडे पोचेना. मी आडून सांगितलं, दवाखान्यात या. काय झालं, बाळाला काय झालं, तो विचारतोय. बाळ बरं आहे, तुम्ही या. व्रत आहे, तो म्हणाला, तुझ्याजवळ कसा येऊ, जत्रेनंतर बघू. जत्रेनंतर! इतक्या महिन्यांचे सगळे बुधवार माझ्या घशाशी आले, आणि मी ओरडले.

"माका परत दिवस रवपाक नाका! माका मरपाक नाका! तुमी येतलात काय ना, तितकेंच सांगात."

पोस्टमास्तरांचा शिक्का हातातच राहिला. मला वाटलं लाइन तुटली. मग नवरा म्हणाला, "येतां."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बसने निघून, फेरीबोट करून आला. हातात धोंडाची काठी, लोकरीच्या गोंड्यांचा वेत, तोही घेऊन आला होता. घरी ठेवला असता तर सासूबाईंनी विचारलं असतं. दवाखान्याच्या पायरीखाली, माझ्यापासून लांब, आंब्याच्या सावलीत उभा राहिला. नर्सने त्याला हाक मारून सगळ्यांसमोर विचारलं, बायकोला तांबी घालायची, तुमची हरकत नाही ना? मला वाटलं, आता हा आभाळाकडे बघणार. तो म्हणाला, "हांव घोव. घालात." सभेतल्याइतका मोठा आवाज होता त्याचा.

आत जे झालं ते मुलीची वेणी घालण्याइतक्या वेळात झालं. एक कळ आली, पोटात मुरडा आला, आणि संपलं. डॉक्टरिणीने दोरा कसा तपासायचा ते सांगितलं, काय झालं तर परत ये म्हणाली. एवढ्यासाठी! मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याआधी मला आला तो राग. एवढ्याशा गोष्टीसाठी मी अर्धं वर्ष मरणाच्या भीतीने झोपले नव्हते.

मी बाहेर आले. बाळ नवऱ्याकडे द्यावं तर तो शिवायचा नाही, म्हणून नर्सकडे होतं. शेवटच्या पायरीवर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि माझा तोल गेला. नवऱ्याने वेत टाकला आणि मला दंडाला धरलं. मी म्हटलं, सोडा, व्रत. त्याने सोडलं नाही. तसंच धरून मला बाकापर्यंत आणलं, बसवलं, आणि शेजारी बसला.

त्या वर्षी तो होमात गेला नाही. लोकांत उभा राहून त्याने इतरांना निखाऱ्यांवरून धावताना पाहिलं. आईला त्याने स्वतःच सांगितलं, का ते पण सांगितलं. सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. देवीपेक्षा मी मोठी झाले होते, असं त्यांनी शेजारणीला सांगितल्याचं नणंदेने माझ्या कानावर घातलं. मी ऐकून घेतलं. मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. मला फक्त जगायचं होतं, आणि आता जगायला मिळेलसं दिसत होतं.

पुढची पाळी आली ती गोव्याचं राज्य झालं त्या दिवसांत. गावात स्पीकर लागला होता, शाळेत पोरांना पेढे वाटले होते. राजभाषा कोकणी ठरली म्हणून नवरा नाराज होता, पण पेढा त्यानेही खाल्ला. मी मागल्या पडवीत बसले होते. डॉक्टरिणीने सांगितल्याप्रमाणे रक्त जास्त जात होतं, गोळ्या चालू होत्या. तिन्हीसांजेला सासूबाई आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या, माझ्यापासून नेहमीच्या अंतरावर. जत्रेनंतर पहिल्यांदाच.

"तें घालतना दुखलां?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थोडं.

मग त्या म्हणाल्या, "माझीं कितलीं जालीं तें तुका खबर ना. रवलीं तीं हीं दोगां." आणि ताट घेऊन आलेल्या नणंदेकडे बोट करून, "हिका सांग. लग्नाआदीं सांग."

नणंदेचं लग्न तुळशीनंतर ठरलं होतं. ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी बोलायला सुरुवात केली आणि अडले. गर्भाशय म्हटलं तर तिला कळेना, पिशवी म्हटलं तर ती हातातल्या ताटाकडे बघायला लागली. शेवटी मी पडवीशेजारच्या राखेच्या ढिगातला विझलेला कोळसा उचलला आणि सारवलेल्या जमिनीवर काढून दाखवलं. ही पिशवी, ही अशी उलटी. हे तिचं तोंड. इथे तांबी बसते, इथून वर जायला वाटच नाही. नणंद खाली बसली. सासूबाईंना उंबऱ्यावरून नीट दिसत नसावं, त्या पुढे सरकल्या, मग आणखी पुढे, आणि माझ्या चटईवर हात टेकून वाकल्या.

"म्हणजे काळजात वचना?" ती काळजात जात नाही, हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

"ना, आई. काळीज हांगा वयर." मी त्यांचा हात धरून त्यांच्याच छातीवर ठेवला.

शिवल्याचं आम्हा दोघींना एकदमच कळलं. त्या उठल्या, विहिरीवर गेल्या. रहाटाचा आवाज आला, मग डोक्यावरून पाणी ओतल्याचा. नणंद मला विचारत होती, आणखी काय काय असतं, वहिनी, आणि मी गोळ्यांचं सांगायला लागले होते.

सासूबाई ओल्या केसांनी, कोरडं लुगडं नेसून परत आल्या. मला वाटलं आता उंबऱ्यावर बसतील. त्या आल्या आणि पुन्हा माझ्या चटईला लागून बसल्या.

"परत एकदां सांग," त्या म्हणाल्या. "सुरवातेक सावन."